पावसाचा निरोप्या

कोंकणांतील मनुष्यास पावसाविषयीं बोलावयास निमित्त लागत नाहीं. चार महिने पाऊस त्याच्या डोक्यावर असतो, अंगणांत असतो, विहिरींत असतो, आणि एखादें कौल फुटलें असेल तर स्वयंपाकघरांतहि असतो. तरीसुद्धां "काल पाऊस किती पडला?" या साध्या प्रश्नाचें नेमकें उत्तर आपल्यापैकीं फार थोड्यांजवळ असतें. 'पुष्कळ पडला', 'रात्रभर कोसळत होता', 'गेल्या वर्षासारखा नाहीं', अशीं उत्तरें मिळतात. परंतु हीं मापें नव्हत, हे आपल्या मनाचे अंदाज होत. वर्तमानपत्रांत तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा आंकडा येतो खरा. पण तो आपल्या परसांतला नसतो.

पाऊस हा शेजाऱ्याशेजाऱ्यांत किती भेदभाव करतो, याचें ठळक उदाहरण मुंबईचें आहे. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसांत सांताक्रूझ येथील वेधशाळेनें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला; आणि त्याच अवधींत कुलाब्याच्या वेधशाळेंत अवघा ७३ मिलिमीटर भरला. शहर एक, दिवस एक, परंतु एका टोकास प्रलय व दुसऱ्या टोकास नित्याचा पाऊस! सपाट मुंबईची जर ही कथा, तर ज्या आमच्या वाड्यांच्या पाठीशीं एकेक डोंगर उभा आहे, तेथें अंगणांतला पाऊस आणि डोंगरावरचा पाऊस यांत किती अंतर पडत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. मागें जांभ्या दगडाचा उघडा सडा, पुढें भातखाचरें, आणि मधून वाहणारा एक पऱ्या. या पऱ्यावर एक जुना साकव आहे. साकव ओलांडल्यावांचून एस. टी. चा थांबा नाहीं, आणि थांब्यावांचून शाळा नाहीं. आपल्या शाळेंत येणारीं आमच्या वाडीचीं सात मुलें रोज सकाळीं व सायंकाळीं त्या साकवावरून जातात. उन्हाळ्यांत त्या पऱ्यांत घोटाभरहि पाणी नसतें. पावसाळ्यांत मात्र तो केव्हां चढेल याचा नेम नसतो, कारण त्याचें पाणी वाडींतलें नव्हे, सड्यावरचें असतें. वाडींत रिमझिम चाललेली असतांना सड्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असतो, आणि खालच्या मनुष्यास त्याचा पत्ताहि नसतो.

गणिताची आवड असणाऱ्या मुलांसाठीं येथें एक लहानसा हिशेब देतों. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. सड्याचा जो भाग आमच्या पऱ्यास पाणी देतो तो सुमारें ४० हेक्टर, म्हणजे ४ लक्ष चौरस मीटर आहे. त्यावर तासाभरांत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २ कोटी लिटर पाणी होतें. सड्यावर माती थोडी. तेव्हां त्यांतलें बरेंचसें पाणी न जिरतां थेट पऱ्यास मिळतें. वर पाऊस पडल्यापासून खालीं साकवास पाणी लागेपर्यंत अर्धा ते पाऊण तास जातो, असा वाडींतील जुन्या माणसांचा अनुभव आहे. या अर्ध्या तासाची खबर कोणी आम्हांस दिली, तर मुलें थांबवितां येतात. माझ्या घरगुती वेधशाळेचा सारा उद्योग त्या अर्ध्या तासासाठीं आहे.

अशी वेधशाळा आजकाल फार खर्चाची वस्तु राहिलेली नाहीं. तिच्यांतील पर्जन्यमापकाची रचना मोठी गमतीची असते. नळकांड्याच्या तोंडीं पडलेलें पाणी आंत एका इवल्याशा डोलपात्रांत जमतें. ठराविक पाणी भरलें कीं तें पात्र एका बाजूस कलतें, रिकामें होतें, आणि त्याच्या जोडीचें दुसरें पात्र पाण्याखालीं येतें. प्रत्येक कलण्याची विजेच्या एका सूक्ष्म ठोक्यानें नोंद होते. नळकांड्याचें तोंड २०० चौरस सेंटिमीटरांचें असेल, तर ४ घन सेंटिमीटर पाणी म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. ठोके मोजावे आणि पांचांनीं भागावे, कीं मिलिमीटर मिळाले.

परंतु यंत्र घेणें सोपें, त्यास जागा देणें कठीण. पर्जन्यमापक उघड्यावर हवा. जवळचें झाड किंवा घर जितकें उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. आमच्या अंगणाभोंवतीं तर माड, पोफळी आणि फणस यांचें राज्य! आणि मुळांत आम्हांस पाहिजे होता तो सड्यावरचा पाऊस. म्हणून यंत्र सड्यावर गेलें व त्याचा आंकडा दाखविणारा डबा घरांत राहिला. दोहोंमध्यें सरळ रेषेंत सुमारें ८०० मीटरांचें अंतर, आणि अंतराहून वाईट म्हणजे मध्यें आडवी आलेली डोंगराची सोंड. आमच्या संचाची बिनतारी धांव मोकळ्या मैदानांत ३०० मीटर सांगितलेली होती. तार ओढावी तर गुरें, वानरें आणि वीज यांचें भय. मोबाइलवर विसंबावें तर वादळांत वीज गेली कीं आमच्याकडे तोहि कांहीं वेळानें मुका होतो. म्हणजे ज्या वेळीं खबर हवी, नेमका त्याच वेळीं.

या अडचणीचें उत्तर आमच्या वाडींत पूर्वीं होतेंच. माझे वडील सांगत कीं, त्यांच्या लहानपणीं सड्यावर गुरें राखणारा गडी मोठा पाऊस पाहिला कीं हाळी देई. ती हाळी वाडीपर्यंत पोंचत नसे. परंतु सोंडेवर एक घर होतें. त्या घरचा मनुष्य ती ऐके, आणि अंगणाच्या कडेस येऊन तीच हाळी पुन्हां खालीं देई. डाकेचे हरकारेहि याच युक्तीनें धांवत. एका हरकाऱ्यानें आपला टप्पा पुरा करून थैली दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावयाची. तारायंत्राच्या लांबच्या मार्गावरहि क्षीण झालेला संदेश मध्येंच घेऊन नव्या जोमानें पुढें पाठविणारीं यंत्रें बसवावीं लागत. बिनतारी यंत्रविद्येंत यासच 'रिपीटर' म्हणतात. आमच्या वाडींत त्याचें नांव 'निरोप्या' असें पडलें, आणि तेंच मला अधिक आवडतें.

निरोप्यास तीन नियम पाळावे लागतात. पहिला नियम असा कीं, बोलतांना ऐकूं नये व ऐकतांना बोलूं नये. दोन्ही कामें एकाच स्वरांत चालावयाचीं असल्यामुळें, बोलत असतांना त्याला स्वतःच्याच आवाजापुढें दुसऱ्याचें कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हणून तो आधीं सबंध निरोप ऐकून घेतो, मनांत ठेवतो, आणि क्षणभरानें पुढें देतो. दुसरा नियम, निरोपाचा ताळा पाहावा. प्रत्येक निरोपाच्या शेवटीं सर्व आंकड्यांवरून काढलेला एक ताळ्याचा आंकडा जोडलेला असतो. ताळा जमला नाहीं तर निरोप वाटेंत बिघडला असें समजून तो टाकून द्यावयाचा. पदरचें कांहीं घालून दुरुस्त करावयाचें नाहीं. तिसरा नियम, एक निरोप एकदांच सांगावा. दोन निरोपे एकमेकांचे ऐकूं लागले, तर पहिल्याचें दुसरा सांगतो आणि दुसऱ्याचें पुन्हां पहिला. दरींतल्या प्रतिध्वनीप्रमाणें एकच निरोप घुमत राहतो व नव्यास वाव उरत नाहीं. यासाठीं प्रत्येक निरोपास अनुक्रमांक असतो. पुढें पाठविलेला क्रमांक निरोप्या लक्षांत ठेवतो, आणि तोच पुन्हां कानीं आला तर गप्प बसतो. हे तीन नियम यंत्रासाठीं केलेले आहेत. पण वाडींत बातम्या कशा पसरतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ते माणसांसाठींहि उपयोगी वाटतील.

जागा शोधण्यांत आमचे दोन महिने गेले. बिनतारी लहरींस अमुक एक ध्वनिपट्टी लागते. आपल्या देशांत ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढील एक अरुंद पट्टी सरकारनें शक्तीची मर्यादा घालून विनापरवाना वापरासाठीं मोकळी ठेविली आहे. आमचा संच तींतला आहे. अमेरिकेंतील बाजारासाठीं केलेले संच बहुधा ९१५ च्या आसपासचे असतात. ते येथें आणून वापरूं नयेत. आमच्या लहरीची लांबी सुमारें ३५ सेंटिमीटर भरते. अशी लहर प्रत्यक्ष पावसाच्या थेंबांस फारशी जुमानत नाहीं. घरावरच्या तबकडीनें येणारा दूरदर्शनचा कार्यक्रम मुसळधार पावसांत बंद पडतो, याचें कारण त्या लहरी दोन-तीन सेंटिमीटरांच्या असतात. आमच्या लहरीचे शत्रु निराळे आहेत: जांभ्याच्या चिऱ्यांची ओली भिंत, पडवीवरचा पत्रा, आणि सर्वांत मोठा शत्रु म्हणजे भिजलेलीं पानें. मे महिन्यांत ज्या आंब्यांमधून निरोप सुखानें पार होत, त्याच आंब्यांनीं आषाढांत ते गिळून टाकावे! म्हणून पाहणी उन्हाळ्यांत केली तरी परीक्षा पावसांतच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एका खांबावरून दुसरा खांब डोळ्यांस दिसला म्हणजे मार्ग मोकळा झाला असें होत नाहीं. लहर सुतासारखी एका रेषेंत जात नाहीं. ती त्या रेषेभोंवतालची थोडी जागाहि वापरते. या जागेचा आकार आपल्या विटीदांडूंतील विटीसारखा असतो, दोन्ही टोकांस निमुळता व मध्यें फुगीर. आमच्या २८० मीटरांच्या टप्प्यास मध्यावर या विटीची त्रिज्या सुमारें ५ मीटर येते, आणि तिच्यांतला निदान आंतला ३ मीटरांचा भाग तरी मोकळा लागतो. यामुळेंच खांब उंच करावे लागतात. आम्हीं पहिला निरोप्या सड्याच्या धारेवर बसविला. तेथून दरी ओलांडून दुसरा टप्पा सोंडेवर. आणि सोंडेवरून तिसरा टप्पा आमच्या घरीं. प्रत्येक टप्पा २६० ते २८० मीटरांचा.

सोंडेवरचें घर तेंच, जेथून पूर्वीं हाळी खालीं येई. तेथें आतां एक वृद्ध काकी राहतात. माळ्याच्या बाहेर, पाख्याच्या टोकाशीं खांब बसवूं द्यावा, अशी विनंति घेऊन मी गेलों. काकींनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें. यंत्रास वीज किती लागेल, वानरें आलीं तर काय, असे रास्त प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "जागा घे रे बाबा, जागेला कोण नाहीं म्हणतो? पण निरोप माझ्या दारावरून जाणार आणि मलाच तो कळणार नाहीं, हा कुठला न्याय?"

या प्रश्नास यंत्रविद्येच्या पुस्तकांत उत्तर नव्हतें, परंतु प्रश्न बिनतोड होता. निरोप्या निरोप ऐकतो, तेव्हां तो वाचूंहि शकतो. म्हणून काकींच्या पडवींत एक लहानशी घंटा व दोन दिवे बसविले. पंधरा मिनिटांत ६० ठोके, म्हणजे १२ मिलिमीटर पाऊस, सड्यावर झाला कीं घंटा वाजते व तांबडा दिवा लागतो. तशीच घंटा आमच्या घरींहि आहे. त्या दिवसापासून खांब माझा राहिला नाहीं, तो काकींचा झाला. पाखरानें घरटें केलें तर तें त्या मला कळवितात. पट्टीवर पान चिकटलें तर काठीनें काढतात. परक्याच्या घरावर बसविलेलें यंत्र किती दिवस टिकलें असतें, कोण जाणे; स्वतःच्या घंटेची राखण मात्र कोणासहि सांगावी लागत नाहीं.

विजेचा हिशेबहि आधींच केलेला बरा. आमचा निरोप्या सरासरी २० मिलिअँपिअर खातो. दिवसाचे २४ तास धरले तर ४८० मिलिअँपिअर-तास झाले, आणि दहा दिवस सूर्य दिसला नाहीं असें धरलें, जें आमच्याकडे श्रावणाआधीं मुळींच अशक्य नाहीं, तर ४.८ अँपिअर-तास. म्हणून ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि तिला भरणारी सौरपट्टी ठेविली. पेटीस भोंक पाडावयाचें तें नेहमीं खालच्या बाजूस. तारेस पेटींत शिरण्यापूर्वीं खालीं एक झोळ द्यावयाचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी आंत न जातां झोळावरून गळून पडतें. मुंग्यांसाठीं भोंकास जाळी, दमटपणासाठीं आंत ओल शोषणारी पुडी, आणि विजेसाठीं खांबास जमिनींत पुरलेली तांब्याची तार. या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु कोंकणच्या पावसाळ्यांत यंत्रें बहुधा क्षुल्लक गोष्टींनींच मरतात.

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे येतों. सर्व व्यवस्था झाल्यावर एक प्रश्न उरला: निरोप आलाच नाहीं तर काय समजावयाचें? पाऊस नसला तरी यंत्र 'शून्य' असा निरोप पाठवीतच असतें. 'शून्य' हा एक निरोप आहे. गप्प बसणें हा निरोप नव्हे. परंतु मनुष्याच्या मनाचा कल असा कीं, घंटा वाजली नाहीं म्हणजे सर्व ठीक आहे असें तो धरून चालतो. या समजुतींत फार मोठा धोका आहे, कारण यंत्र बंद पडावयाचें तें बहुधा वादळांतच पडतें. म्हणून तांबड्या दिव्याशेजारीं पिवळा दिवा बसविला. दहा मिनिटें कोणताच निरोप आला नाहीं कीं तो लागतो. आणि वाडीनें असा नियम केला कीं, पिवळा दिवा म्हणजे 'ठाऊक नाहीं', आणि 'ठाऊक नाहीं' म्हणजे साकव बंद.

२०२४ च्या जुलै महिन्यांत एका सायंकाळीं या नियमाची परीक्षा झाली. शाळा सुटून मुलें येण्याची वेळ होती. वाडींत पाऊस बेताचा होता, घंटा वाजली नव्हती, आणि पिवळा दिवा लागला. थोड्याच वेळांत सोंडेकडून काकींची अस्पष्ट हाळी ऐकूं आली. त्यांचाहि दिवा पिवळा झाला होता. थांब्याजवळच्या दुकानदारास दूरध्वनि करून मुलांस तेथेंच बसवून ठेवावयास सांगितलें. मुलें कुरकुरलीं, घर समोर दिसत असतां दुकानांत कां बसावयाचें, असें त्यांस वाटणें साहजिक होतें. पाऊण तासाच्या आंत पऱ्याचें पाणी साकवावरून वाहूं लागलें. दुसऱ्या दिवशीं वर जाऊन पाहिलें, तों सड्याच्या धारेवरील झाडाची एक फांदी मोडून निरोप्याच्या खांबावर पडली होती. मुलें त्या वेळीं साकवावर असतींच, असें मी म्हणत नाहीं. तें कोणासच सांगतां येणार नाहीं. इतकेंच सांगतों कीं, त्या सायंकाळीं यंत्रानें खबर दिली नाहीं. यंत्राच्या मौनाचा अर्थ आधीं ठरवून ठेविला होता, त्यानें दिली.

शाळांचा आणि या विद्येचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफों यांनीं हवामानाची वेधशाळा चालविली. त्यांच्याच हाताखालीं शिकलेले जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. हवामानाची नोंद आणि बिनतारी घंटा, या दोन्ही गोष्टी एका गुरुशिष्यांच्या जोडींत अशा एकत्र आलेल्या पाहून आजच्या विद्यार्थ्यांस हुरूप यावा.

ज्या मुलांस हा नाद लावून घ्यावयाचा असेल, त्यांनीं महाग यंत्रापासून आरंभ करूं नये. सरळ बाजूंची व सपाट बुडाची एक बरणी उघड्यावर ठेवावी. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें आंतील पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजावी, वहींत लिहावी, व बरणी रिकामी करावी. साडेआठच कां? कारण १८७५ सालीं स्थापन झालेलें आपल्या देशाचें हवामान खातेंहि दिवसाचा पाऊस त्याच वेळीं मोजतें. म्हणजे तुमचा आंकडा त्यांच्या आंकड्याशेजारीं मांडतां येईल. ज्या दिवशीं पाऊस पडला नसेल त्या दिवशीं '०' लिहावें. आणि ज्या दिवशीं मोजावयाचें राहिलें, त्या दिवशीं '०' न लिहितां रकान्यांत आडवी रेघ ओढावी. शून्य आणि रेघ यांतला हा फरक ज्यास कळला, तो पुढें कोणतेंहि यंत्र विश्वासानें वापरूं शकेल.